समुद्र नसलेल्या गावचा गंज

मे महिना संपत आला की सांगलीत बोटी बाहेर निघतात. मान्सूनपूर्व आढाव्याच्या बैठका होतात, ग्रामपंचायतींना पत्रं जातात आणि नदीकाठच्या गावांतून वर्षभर कुलपात राहिलेल्या खोल्या उघडल्या जातात. मग टेम्पोतून, ट्रॉलीतून, कधी दोघांनी खांद्यावर मारून बोटींची इंजिनं आमच्या दुकानाच्या दारात येतात. कागदावर त्यांना ओबीएम म्हणतात (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून अडकवायचं इंजिन), गावात बोटीचं इंजिन. वरचं झाकण उचललं की आधी वास घ्यायचा, ही माझी सवय. शिळ्या पेट्रोलचा वास आला तर काम बहुधा कार्बोरेटरपुरतं असतं. नाकाला झोंबणारा क्लोरिनचा वास आला तर मात्र पान्याला हात घालण्याआधी मी आणणाऱ्याला विचारतो, "इंजिन कुठल्या खोलीत ठेवलं होतं?"

उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. "टीसीएलच्या खोलीत की. दुसरी खोली हाय कुठं आमच्याकडं?"

गंज म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. खारा वारा, खारं पाणी, किनाऱ्यावर सडलेले खिळे. तिकडचे मच्छीमार समुद्रातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्यात चालवून आतून धुऊन काढतात, कारण मिठाशी गाठ आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. आमची कृष्णा गोड्या पाण्याची. समुद्र सह्याद्रीपलीकडे. त्यामुळे आमच्याकडे इंजिन नदीतून काढलं की काम संपलं, असं सगळे धरून चालतात. पण धातूला खातो तो क्लोराइड, आणि तो समुद्रातूनच यायला हवा असं काही नाही. आमच्या गावांमध्ये तो पोत्यांत भरून येतो.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाण्याच्या टाकीत टाकायला प्रत्येक ग्रामपंचायतीकडे ती असते, असायलाच हवी. पूर ओसरल्यावर तर विहिरी आणि टाक्या निर्जंतुक करायला जास्तीची पोती येतात. हे पोतं दमट हवेत नुसतं पडून राहिलं तरी त्यातून थोडा थोडा क्लोरिन सुटत राहतो. बंद खोलीत त्याला बाहेर जायला वाट नसते. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की आम्ल तयार होतं आणि ते खोलीतल्या हरेक धातूवर बसतं: कडी-कोयंड्यावर, खिडकीच्या गजांवर, वायरींच्या टोकांवर, इंजिनावर. पावडर शिळी झाली की पोतं खालून ओलं, चिकट होतं, कारण तिच्यात तयार झालेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. त्याच फरशीवर इंजिन आडवं टाकलेलं असेल तर ते वर्षभर खाऱ्या ओलीत लोळतंय असंच समजायचं. माझं म्हणणं कोणाला पटलं नाही तर मी एवढंच सांगतो, तुमच्या त्या खोलीच्या दाराची बिजागरी आणि शेजारच्या खोलीच्या दाराची बिजागरी, दोन्ही एकदा बघून या.

ज्या गावात इंजिन सोसायटीच्या गोदामात ठेवतात तिथे टीसीएल नसतं, पण खत असतं. पोटॅश म्हणून जे लाल-पांढरं खत आपण उसाला टाकतो ते पोटॅशियम क्लोराइड. वजनाने त्यातला जवळपास निम्मा भाग क्लोराइड. पोतं फाटतं, झाडलोट होते, धूळ उडते आणि इंजिनाच्या फटीफटींत जाऊन बसते. पावसाळ्याची हवा लागली की ती पाझरते.

तिसरी गोष्ट कळायला मला बराच वेळ लागला, कारण ती घडत होती चांगल्या हेतूने. नदीकाठच्या एका गावातून आलेलं इंजिन बाहेरून अगदी स्वच्छ होतं. चिखलाचा कण नव्हता. तरी खालच्या गिअरबॉक्सच्या बॉडीवर बारीक बारीक खड्डे, आणि एकेका खड्ड्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी. पोरांना विचारलं, धुता कशाने? म्हणाली, द्राक्षबागेच्या फवारणीच्या एचटीपी पंपाने, प्रेशर चांगलं येतं. त्या टाकीत आदल्या आठवड्यात बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक होतं. बोर्डोतलं मोरचूद म्हणजे तांबं. टाकी कितीही विसळली तरी तळाला, पाइपात, नोझलमध्ये थोडं राहतंच. तांब्याचा अंश असलेलं पाणी ॲल्युमिनियमवर पडलं की तांब्याचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात, आणि प्रत्येक कणाभोवती ॲल्युमिनियम झिजायला लागतं. पोरांची यात काहीच चूक नव्हती. धुतलं नसतं तरी आत गाळ राहून नुकसानच झालं असतं. धुवायचं ते साध्या नळाच्या पाण्याने, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, इथेच सगळा घोटाळा होतो. या धातूच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. ओरखडा पडला तर तो थर आपोआप भरून येतो, म्हणून तर पाण्यात चालणाऱ्या इंजिनाची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची करतात. क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. खड्डे टाचणीच्या टोकाएवढे पडतात, पण आत खोल उतरतात. वरचा रंग शाबूत दिसतो, फक्त कुठेकुठे फुगलेला. नखाने दाबलं की पापुद्रा सुटतो आणि खाली पांढरं निघतं. तांबडा डाग दिसला असता तर ग्रामपंचायतीचा शिपाईही म्हणाला असता, साहेब, गंज चढलाय. पांढऱ्याला सगळे धूळ समजतात.

मुळात आमचं दुकान शेतीपंपांचं. वडील रिवाइंडिंग करायचे. पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या मोटारी वर काढायची घाई सुरू होते, आणि पूर उतरला की राहून गेलेल्या मोटारी चिखलासकट दुकानात येतात, हे मी लहानपणापासून बघत आलो. आमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून आहे, गल्लोगल्ली पंप खोलणारे हात आहेत. इम्पेलर, सील, बेअरिंग हे शब्द इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. बोटीचं इंजिन त्यापेक्षा फार वेगळं नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि राहिलं.

आणि आलं ते पुरामुळे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही वर चढलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांतली माणसं आता कोयनेतून किती क्युसेक सोडलं यावरून सामान कधी हलवायचं ते ठरवतात. इंजिनाच्या बोटी येण्याआधी गावोगाव गुऱ्हाळाच्या काहिली पाण्यात सोडून माणसं काढली जायची. इनर ट्यूब, पिंपं, लाकडी होड्या, जे हाताशी असेल ते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. बायका, लेकरं, म्हातारी माणसं गेली. त्या दिवसाबद्दल मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. त्या पुरानंतर पूरपट्ट्यातल्या गावांमध्ये बोटी, लाइफ जॅकेटं आणि इंजिनं येत गेली, हे चांगलंच झालं. पण इंजिन आलं त्याबरोबर ते सांभाळणारा माणूस आला नाही. पूर दरवर्षी एवढा येत नाही. आला तरी इंजिन चालतं ते थोडे दिवस. बाकीचा सगळा काळ ते त्या खोलीत असतं, आणि त्याचं जे काही वाटोळं होतं ते तिथेच होतं.

आता बोल्टाकडे येतो, कारण माझे निम्मे दिवस त्याच्यात जातात.

इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे गिअरबॉक्स, वरच्या पायाला मोजक्या स्टेनलेस बोल्टांनी जोडलेला असतो. पाण्याचा पंप बघायचा तर हा भाग खाली उतरवावाच लागतो. स्टेनलेसला काही होत नाही, बोल्टाचं डोकं नव्यासारखं चमकत असतं. पण दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मधे ओल असली की त्यातला एक झिजतो, आणि या जोडीत झिजायची पाळी ॲल्युमिनियमची. खाऱ्या पाण्यात ही झीज दूरवर पसरते. गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून आमच्याकडे ती बोल्टाच्या आट्यांभोवतीच अडकून राहते. तयार झालेली पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. जागा नसते, म्हणून ती बोल्टाला आवळत जाते. काही वर्षांत बोल्ट आणि बॉडी एकजीव.

अशा वेळी गावातला धडधाकट गडी पान्याला लोखंडी पाइप जोडतो. कडाक असा आवाज होतो आणि बोल्टाचं डोकं हातात येतं. पुढचं काम ड्रिलचं, आणि त्यात बॉडीचे आटे गेले तर खर्च कुठच्या कुठे जातो. म्हणून पाइप लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी बोल्टाच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हलके, सरळ ठोके द्यायचे, म्हणजे आतली भुकटी तडकते आणि तेलाला वाट मिळते. मग हीट गनने बोल्ट नव्हे, बोल्टाभोवतीची बॉडी तापवायची. एका अंशाला एक मीटर ॲल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टेनलेस १७ च्या आसपास. फरक केसापेक्षाही बारीक, पण बोल्ट सुटायला तेवढा पुरतो. गॅसची ज्योत मी वापरत नाही. शेजारी पेट्रोलची नळी असते आणि आत रबरी सील असतात. तापल्यावर पाना आधी किंचित आवळायच्या बाजूला द्यायचा, मग सोडायच्या. पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. आत कुरकुर ऐकू येते. ती थांबून बोल्ट मऊपणे फिरायला लागतो त्या क्षणी हाताला जे कळतं त्यासाठी मी आजही हे काम पोऱ्यावर सोपवत नाही.

बोल्ट निघाला की आटे साफ करायचे ते नायलॉनच्या ब्रशने, आणि तेही अलगद. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर मारला तर त्याचे कण आत रुतून बसतात आणि नवीन गंजाची पेरणी होते. परत बसवताना बोल्टाला चांगलं मरीन ग्रीस लावायचं. इथे एक चूक मी जाणत्या मेकॅनिकांकडूनही होताना बघितली आहे. ते तांब्याची पूड असलेलं किंवा ग्राफाइटचं ग्रीस लावतात, कारण ट्रकच्या कामात ते उत्तम चालतं. ॲल्युमिनियमच्या शेजारी तांबंही नको आणि ग्राफाइटही नको. दोन्ही त्याचे शत्रू.

या झिजण्यावर इलाज म्हणून प्रत्येक इंजिनावर एक धातूचा तुकडा मुद्दाम झिजायला लावलेला असतो. त्याला ॲनोड म्हणतात. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वरच्या पट्टीखाली, कधी माशाच्या परासारख्या आकाराचा, तो असतो. तो आधी झिजतो आणि तोवर बॉडी वाचते. ही युक्ती जुनी. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला मारलेला तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणाऱ्या तांब्यातून जे विष पाण्यात उतरायचं तेही थांबलं, आणि जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शंख-शिंपले इतके चिकटले की जहाजं संथ झाली. आरमाराने तो प्रयोग सोडून दिला. मला ही हकिकत फार आवडते, कारण धातूची एक अडचण सोडवली की दुसरी कुठून निघेल ते सांगता येत नाही, हे मी रोज अनुभवतो.

आमच्याकडची अडचण वेगळी आहे. इंजिनांबरोबर बऱ्याचदा जस्ताचे ॲनोड येतात. ते समुद्रासाठी ठीक. गोड्या पाण्यात जस्तावर एक थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. नदीत, धरणात मॅग्नेशियमचा ॲनोड हवा. तेच इंजिन उद्या कोकणात मदतीला गेलं तर मॅग्नेशियम काढून जस्ताचा लावायला हवा, नाहीतर खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर संपतं आणि रंगालाही फोड आणतं. दुसरी अडचण रंगाची. तपासणीच्या आधी इंजिन नवं दिसावं म्हणून कोणीतरी स्प्रे पेंट मारतं आणि ॲनोडही रंगवून टाकतं. रंगवलेला ॲनोड निरुपयोगी. ॲनोड अर्धा झिजला की बदलायचा, हा नियम. पण वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहिला असेल तर खूश व्हायचं कारण नाही. तो काम करत नाही आणि त्याच्याऐवजी बॉडी झिजतेय, असा त्याचा अर्थ. मल्टिमीटरची एक तार ॲनोडला, एक बॉडीला लावून बघायची. मधे रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे.

गिअरबॉक्समध्ये तेल असतं आणि ते बघायला कौशल्य लागत नाही. खालचा स्क्रू ढिला करून काय येतं ते बघायचं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून शिरलं असेल तर तेच आधी बाहेर येतं. चालून ते तेलात घोटलं गेलं असेल तर रंग दुधाच्या चहासारखा होतो. असं तेल आत ठेवून इंजिन वर्षभर पडलं की गिअर आणि बेअरिंगं खरोखरच्या तांबड्या गंजाने खराब होतात, आणि तो गंज बाहेरून कोणालाच दिसत नाही. पाणी शिरतं ते पंख्याच्या शाफ्टवरच्या सीलमधून. आमच्या पुरात शेतं नदीत येतात. उसाच्या फडातल्या ठिबकच्या नळ्या, मासे धरायच्या जाळ्यांचे नायलॉनचे दोरे, पोत्यांच्या सुतळ्या, सगळं पंख्याला गुंडाळतं. नळी दिसते, ती लगेच काढली जाते. बारीक नायलॉनचा दोरा मात्र पंख्याच्या मागे शाफ्टवर आवळून बसतो आणि सील कापतो. म्हणून पूर संपला की पंखा काढून शाफ्ट बघायचाच. नवीन तेल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बुडबुडे संपून सलग तेल येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. दोन्हींचे वायसर नवे.

पेट्रोलबद्दल लिहिताना मला जरा अवघड वाटतं, कारण ऊस हे आमचं पोट आहे. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं, उसापासूनही बनणारं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण पंपांवर यायला लागलं. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचाही वाटा आहे. रोज चालणाऱ्या गाडीचं एक वेळ ठीक आहे. पडून राहणाऱ्या इंजिनाला मात्र हे पेट्रोल जाचक. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशीच मुख्य जेट असतं. तिथे पांढरा क्षार जमतो, भोकं बुजतात, वाटीला खड्डे पडतात. आणि टू-स्ट्रोक इंजिनात याहून मोठा धोका आहे. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. खालच्या पाण्या-इथेनॉलच्या थरात ते नसतंच. तो थर इंजिनात गेला तर पिस्टनला वंगणच मिळत नाही. ऐन धारेत इंजिन जाम होण्यामागे हेही कारण असू शकतं.

म्हणून तयार केलेलं पेट्रोल पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही. उरलेलं कोणाच्या तरी फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपात संपवून टाकायचं, तिथेही ऑइल लागतंच. इंजिन ठेवताना कार्बोरेटरचा खालचा स्क्रू उघडून वाटी रिकामी करायची. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडायचं आणि बंद करायची लाल क्लिप काढलेली ठेवून इंजिन सुरू करायची दोरी सावकाश ओढायची, म्हणजे आतल्या भिंतींना तेलाचा हात लागतो. आणि इंजिन उभं ठेवायचं, म्हणजे आतल्या वाटांतलं पाणी निथळून जातं. आडवं टाकलं की ते तिथेच राहतं, आणि पुराच्या गाळासकट राहतं. गाळ वर्षभर ओल धरून ठेवतो. त्या ओल्या गाळाखाली हवा पोचत नाही, ॲल्युमिनियमचा थर भरून येत नाही, आणि खड्डा पडत जातो.

सातारा जिल्ह्यात बामणोली-तापोळ्याला कोयनेच्या शिवसागरावर बोटी चालतात. वासोट्याला जाणारे पर्यटक सगळ्यांना माहीत असतात, पण पलीकडच्या काठावरच्या गावांची ये-जा पूर्वीपासून बोटीवरच. तिकडे मी मुद्दाम इंजिनं बघत फिरलो आहे. पाणी स्वच्छ आहे, ही गोष्ट खरी. पण त्याहून मोठं कारण असं की बोटवाल्याची चूल त्या इंजिनावर चालते. मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार जरा बारीक झाली तरी तो लगेच इंजिन बंद करतो आणि इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चाक, बघतो. आवाज बदलला की त्याला कळतं. आमच्या गावांमधल्या इंजिनांना असा कान लाभत नाही, कारण त्यांचं पोट कोणाच्याच पोटाशी जोडलेलं नाही.

त्यावर उपाय एकच मला पटतो. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करायचं. नदीवर न्यायची गरज नाही. दोनशे लिटरचं बॅरल वरून कापून, कडा घासून, त्याला एक भक्कम लाकडी फळी लावायची, इंजिन फळीवर अडकवायचं आणि पंख्याच्या वरची पट्टी बुडेल इतकं पाणी भरायचं. पंखा काढून ठेवलेला बरा. कोरडं इंजिन एक क्षणही चालवायचं नाही, रबरी इम्पेलर तेवढ्यात जळतो. धार नीट पडतेय का ते बघायचं, थोडा वेळ चालवून बंद करायचं, वाटी रिकामी करायची. एवढ्याने रबर एकाच आकारात आखडून बसत नाही, दोरीची स्प्रिंग मोकळी राहते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावातल्या दोन-चार जणांचा हात बसतो. पुराच्या रात्री दोरी पहिल्यांदा हातात धरणारा माणूस कितीही धाडसी असला तरी त्याला इंजिनाचा स्वभाव माहीत नसतो.

किल्ली कोणाकडे द्यायची यावर गावोगाव वाद होतात. माझं मत ठाम आहे: जो रोज पाण्यावर असतो त्याच्याकडे. मासे धरणाऱ्यांकडे, होडी चालवणाऱ्यांकडे, सांगलीत होड्यांच्या शर्यतींत वल्ही मारणाऱ्या पोरांकडे. पद कोणाचंही असो, हात त्यांचा.

मागच्या हिवाळ्यात एका गावच्या सरपंचवहिनींना मी टीसीएलच्या खोलीचं सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "भाऊ, मग ठेवायचं कुठं ते सांगा. शाळेत ठेवलं तर पोरं चढतील त्याच्यावर, देवळात ठेवलं तर कोण न कोण उचलंल."

तिथेच बसलेले दूध संस्थेचे सचिव म्हणाले, "आमच्या डेअरीत ठेवा की. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव येतंय तिथं. चोरी करायला कोण धजावतंय?"

कल्पना मला एकदम आवडली. दिवसातून दोनदा उघडणारी खोली, वारा खेळता, खत नाही, पावडर नाही. आम्ही लाकडी स्टँड करून घेतला, इंजिन उभं अडकवलं, साखळी घातली, बॅरल मागच्या बाजूला ठेवलं. अडचण एकच होती. डेअरीत दुधाचे कॅन धुवायला सोडा वापरतात, आणि सोड्याचं पाणी ॲल्युमिनियमचा थर विरघळवतं. म्हणून स्टँड मोरीपासून लांब, दाराच्या बाजूला घेतला, आणि फरशीपासून वीतभर उंच केला. कॅन धुणाऱ्या मावशींना सांगितलं, शिंतोडे या बाजूला येऊ देऊ नका. त्यांनी मधे एक जुना पत्रा उभा करून दिला. मॅग्नेशियमचा ॲनोड अजून आलेला नाही. तो आला की मी स्वतः जाऊन बसवणार आहे, आणि त्याच वेळी गिअरबॉक्सचं तेलही बघून घेईन.